डावीकडे ठेवलेला पेला

आधी त्याचे कान लाल झाले. मग मान, मग गाल, आणि थोड्या वेळाने सगळा चेहराच भट्टीसमोर उभ्या राहिलेल्या माणसासारखा दिसायला लागला. श्याओ ली तेव्हा तेवीस वर्षांचा होता. फौंड्रीत लागून त्याला चार महिने झाले होते. २०१५चा डिसेंबर, हेबेई प्रांतातलं शिजियाझुआंग शहर. पुण्याहून आमचे साहेब पंपाच्या कास्टिंगची ऑर्डर पक्की करायला आले होते आणि मी दुभाषी म्हणून त्यांच्या आणि फौंड्रीच्या मालकांच्या मधोमध बसले होते.

चिनी मेजवानीत कोणी कुठे बसायचं हे आधीच ठरलेलं असतं. दाराकडे तोंड करून यजमान, त्याच्या उजव्या हाताला मुख्य पाहुणा, आणि वाढप्यांची ये-जा असते त्या दाराजवळच्या खुर्चीवर सगळ्यात धाकटा. श्याओ ली दाराजवळ होता. प्रत्येकासमोर अंगठ्याएवढा काचेचा पेला, जेमतेम दहा मिलिलिटरचा, आणि तो भरायला चोच असलेली छोटी काचेची झारी. झारीत बाईजिउ, म्हणजे ज्वारीची गाळलेली दारू, पन्नास टक्क्यांच्या वर अल्कोहोल. पेला भिडवताना धाकट्याने आपल्या पेल्याची कड थोरल्याच्या कडेखाली न्यायची. थोरला मनाने मोठा असेल तर तोही आपला पेला खाली नेतो, मग धाकटा आणखी खाली, असं करत करत दोन्ही पेले टेबलाला टेकतात. मला हे बघायला फार आवडायचं.

मग मासा आला. अख्ख्या माशाचं तोंड ज्याच्याकडे त्याने तीन पेले प्यायचे, शेपूट ज्याच्याकडे त्याने चार, अशी रीत. तोंड साहेबांकडे होतं, शेपूट श्याओ लीकडे. त्याआधीच त्याने स्वतःच्या मॅनेजरच्या वाटचे काही पेले रिचवले होते. वरिष्ठाला नको झालं की त्याच्या वतीने हाताखालच्याने पिणं हाही तिथे नोकरीचाच भाग धरतात. पहिला पेला झाल्यावर त्याचा हात थांबला. साहेब हसत म्हणाले, "काय रे, एवढ्यात दमलास?" एवढंच. मी ते तसंच्या तसं सांगितलं असतं तर तिथेच मिटलं असतं. पण मला चिनी चांगलं येतं हे चारचौघांत दाखवायची तेव्हा हौस होती. दारूच्या टेबलावर म्हणतात असं एक यमक आहे: माया खोल असेल तर एका घोटात, उथळ असेल तर नुसतं चाट. साहेबांचं वाक्य मी त्या यमकात बसवून सांगितलं. हशा पिकला, टाळ्या पडल्या, मालकांनी माझ्या चिनीचं कौतुक केलं, आणि श्याओ लीला नाही म्हणायला जागा उरली नाही. उरलेले तीन पेले त्याने लागोपाठ घेतले.

पुढे तो बाहेरच्या पॅसेजमध्ये भिंतीला धरून बसला, ओकला, आणि त्याच्या सोबत्याने त्याला टॅक्सीत घालून सलाईन लावायला नेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला तो कामावर होता. मला बघून उठून उभा राहिला आणि म्हणाला, "ज्ये, काल माझ्याकडून पाहुण्यांचा मान नीट राखला गेला नाही. माफ करा." ज्ये म्हणजे ताई.

मी माळकरी घरातली. पंढरपूरजवळच्या आमच्या गावात अप्पांच्या गळ्यात तुळशीची माळ, घरात दारूचा वाससुद्धा नाही. चीनला निघताना आईला एकच घोर होता, तिथे या मुलीचं कसं होणार. मी चार शब्द पाठ करून गेले होते: यी छा दाई जिउ. दारूऐवजी चहा. हे चार शब्द म्हटले की चहाचा पेला उचलता येतो, आणि बाईमाणसाला, त्यातून परदेशी बाईला, सहसा कोणी अडवत नाही. थोडक्यात, त्या टेबलावर मला कसलीच भीती नव्हती. अशी निर्धास्त बसून मी दुसऱ्याला प्यायला लावलं.

तोवर मी स्वतःची समजूत घातली होती की हा आपल्या पंगतीतल्या आग्रहाचाच भाऊबंद. जिलबीचं ताट घेऊन व्याही फिरतात, पानावर आडवा हात धरला तरी वरून दोन टाकतात, तसंच हे. पण आमच्या गावच्या पंगतीत अप्पा वाढायला उभे राहिले की पानाकडे न बघता जेवणाऱ्याच्या तोंडाकडे बघत. समोर ताट आलं की माणसाचा चेहरा खरं बोलतो, असं ते म्हणत. त्या रात्री श्याओ लीचा चेहरा खरं बोलत होता आणि मी त्याच्या अगदी समोर बसले होते.

मी राहायचे त्या इमारतीत खालच्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षक होते. आयुष्यभर शाळेत अभिजात चिनी शिकवलेलं. मी त्यांना लाओशी म्हणायचे, म्हणजे गुरुजी, आणि त्यांच्या बायकोला आयी. चिनीत आयी म्हणजे मावशी, पण उच्चार इतका जवळचा की हाक मारताना मला घरी गेल्यासारखं वाटे. मी त्यांना सगळं सांगितलं. यमकासकट. लाओशींनी ऐकून घेतलं आणि भलताच प्रश्न विचारला, "शेवटचा पेला त्याच्या डाव्या हाताला होता की उजव्या?"

मला आठवेना. ते आतून एक जाडजूड पुस्तक घेऊन आले. 'यीली', समारंभांच्या विधींचं जुनं पुस्तक, कन्फ्यूशियसपंथीयांनी प्रमाण मानलेल्या ग्रंथांपैकी एक. त्यात गावातल्या थोरामोठ्यांना बोलावून करायच्या पानसोहळ्याचं एक अख्खं प्रकरण आहे. पुढचे कित्येक रविवार आम्ही ते ओळ ओळ वाचलं.

इथे एका शब्दापाशी थांबायला हवं. जिउ. आंबवलेलं काय, गाळलेलं काय, सगळ्याला जिउ. मी दुभाषी असून मला याला मराठी शब्द नीट सापडलेला नाही. दारू म्हटलं की आपल्या कानाला शिवी ऐकू येते, मद्य म्हटलं की परीक्षेचा पेपर. चिनी माणूस जिउ पितरांना वाहतो, लग्नात वधूवरांच्या हातात देतो आणि गटारात पडेपर्यंत पितोही, पण शब्द तोच. आज पेला उचलून मान देण्याला जिंगजिउ म्हणतात. जिंग म्हणजे आदर. गानबेई हा जगभर गाजलेला शब्द नुसती कृती सांगतो: पेला कोरडा करा.

तर तो सोहळा. यजमान पाहुण्याला आणायला दाराबाहेर जातो. तीन वेळा एकमेकांना नमस्कार करत दोघं पायऱ्यांपर्यंत येतात. तिथे "आधी तुम्ही", "नाही, आधी तुम्ही" असं तीनदा. मग वर चढायचं, यजमानाने पूर्वेच्या पायऱ्यांनी, पाहुण्याने पश्चिमेच्या. यजमान पेला धुवायला पुन्हा खाली उतरतो. तो उतरला म्हणून पाहुणाही उतरतो. यजमान म्हणतो, तुम्ही कशाला? पाहुणा म्हणतो, माझ्यासाठी धुण्याचे कष्ट नकोत. धुवून, पुसून, नमस्कार करून दोघं वर. मग यजमान पेला भरून पाहुण्याला देतो. याला शियान म्हणतात, अर्पण. पाहुणा आधी थोडं भूमीला वाहतो, मग पितो. आता पाहुणा तोच पेला घेऊन खाली उतरतो, धुतो, भरतो आणि यजमानाला देतो. हे झुओ, परतफेड. यजमान पितो.

तिसरी पायरी छौ. यजमान दुसरा पेला घेतो, भरतो, आणि या वेळी आधी स्वतः पितो. मग पुन्हा भरून पाहुण्यापुढे करतो. पाहुणा नमस्कार करून तो घेतो आणि आपल्या डाव्या हाताला ठेवून देतो. भरलेला. पीत नाही.

लाओशींनी त्या ओळीवर बोट ठेवलं. त्याच प्रकरणात पुढे नियमच दिला आहे: जो पेला नुसता ठेवायचा तो डावीकडे, जो उचलायचा तो उजवीकडे. कोणी काही बोलायचं नाही, विनवायचं नाही, चेहरा लाल होईपर्यंत थांबायचं नाही. पेला डावीकडे गेला की विषय संपला. आणि न पिण्याचं कारण दुसऱ्या शतकातला भाष्यकार झेंग श्वान देतो, तेही एका जुन्या वचनाच्या आधाराने: सज्जन माणूस समोरच्याचा आनंद संपेपर्यंत ओढून घेत नाही, त्याच्या निष्ठेचा तळ खरवडत नाही, म्हणून मैत्री अखंड राहते.

मी त्या ओळीवर बराच वेळ बसून राहिले. आम्ही त्या रात्री श्याओ लीच्या निष्ठेचा तळच तर खरवडला होता.

इतका नेमका विधी कोणालातरी का रचावासा वाटला, याचं उत्तर त्याच्या आधीच्या काळात आहे. हेनान प्रांतात जियाहू नावाचं नवाश्मयुगीन गाव सापडलं. तिथल्या मडक्यांना चिकटलेल्या अंशांचं रासायनिक पृथक्करण २००४ साली प्रसिद्ध झालं: तांदूळ, मध आणि फळं एकत्र आंबवलेलं पेय, सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वीचं. त्याच गावात क्रौंचाच्या हाडापासून केलेल्या बासऱ्या निघाल्या. बासरी आणि आंबवलेलं पेय एकाच वस्तीत, हे वाचून मला त्या लोकांबद्दल उगाच जवळीक वाटली. दंतकथा मात्र जिउचं श्रेय यी दी नावाच्या व्यक्तीला देते. यी दीने केलेलं पेय महान यू राजाने चाखलं, त्याला ते गोड लागलं, आणि म्हणूनच त्याने यी दीला दूर केलं. याच्या पायी पुढचे राजे राज्यं गमावतील, असं तो म्हणाला म्हणे.

तसं घडलंही, निदान विजेत्यांनी लिहिलेल्या इतिहासानुसार. शांग घराण्याच्या शेवटच्या राजाने जिउचा तलाव आणि मांसाचं रान उभं केल्याची कथा प्रत्येक चिनी मुलाला ठाऊक असते. इसवी सनापूर्वी १०४६च्या सुमारास झोऊ लोकांनी शांगांना हरवलं आणि त्यांच्या सर्वांत आदरणीय पुरुषाच्या, झोऊच्या ड्यूकच्या, नावावर जिउबद्दलचं एक फर्मान आहे. जिउ यज्ञयागासाठी आहे, एरवी नाही. टोळक्याने पिणाऱ्या झोऊ माणसाला पकडून आणा, त्याला देहदंड. शांगांच्या जुन्या अधिकाऱ्यांना मात्र लगेच मारू नका, त्यांची सवय जुनी आहे, आधी शिकवा. आणि या सगळ्या कडक भाषेच्या मध्येच एक कोवळी सूट आहे: काम करून आलात, आईवडील आनंदात आहेत, तर घासूनपुसून जेवण मांडा आणि जिउ घ्या. बीजिंगच्या राष्ट्रीय संग्रहालयात दा यू दिंग नावाचं थोरलं कांस्यपात्र आहे, त्याच्या पोटातल्या लेखातही हेच बजावलं आहे की शांग बुडाले ते पिण्यामुळे.

झोऊंनी जिउ बंद केलं नाही. त्यांनी त्याला पायऱ्या, नमस्कार, धुणं आणि दिशा यांत गुंडाळलं. 'लीजी' या ग्रंथात संगीतावरचं प्रकरण आहे, तिथे हे उघडच सांगितलं आहे: एका अर्पणाच्या विधीत पाहुणा आणि यजमान शंभर नमस्कार करतात, त्यामुळे दिवसभर पिऊनही नशा चढत नाही, जिउमुळे होणारी आपत्ती टाळायला पूर्वीच्या राजांनी ही योजना केली. मी कितीतरी मेजवान्यांत भाषांतर केलं होतं. ही सगळी रीत पिणं लांबवण्यासाठी जन्माला आली हे मला कोणी कधी सांगितलं नव्हतं.

पुढच्या वसंतात मी गाडीने झेंगझोऊला गेले, फक्त एक वस्तू बघायला. हेनान संग्रहालयात एक कांस्याचा चौरंग आहे, १९७८ साली शिचुआन तालुक्यातल्या छू राज्याच्या थडग्यांतून निघालेला. त्याच्या कडा म्हणजे कांस्याच्या वेलींची गुंतवळ. मेणाचा नमुना करून, मेण वितळवून ओतलेलं काम. फौंड्रीवाल्यांबरोबर दिवस काढल्यामुळे मी काचेला नाक लावून बघत राहिले: एकात एक गेलेले बारीक धागे, कुठे जोड दिसत नाही, कुठे पोकळी नाही. चौरंगाच्या चारी बाजूंनी जीभ बाहेर काढलेले वाघासारखे प्राणी वर चढताहेत, पाठीला बाक देऊन, माना आतल्या बाजूला वळवून, जणू वर काय ठेवलंय ते त्यांना बघायचं आहे. वर ठेवायचे ते जिउचे घट. आणि या चौरंगाचं नाव आहे जिन. जिन म्हणजे मनाई. झेंग श्वान सांगतो की पिण्यापासून सावध करायला हे नाव दिलं. ज्याच्यावर जिउ ठेवायचं त्याचंच नाव मनाई, आणि त्याच्याकडे टक लावून बसलेली ती तहानलेली जनावरं. त्या ओतारीला मी मनात साष्टांग दंडवत घातला.

सोहळ्याच्या पुस्तकात घट दोन सांगितले आहेत. एकात जिउ. दुसऱ्यात श्वानजिउ, शब्दशः 'गडद जिउ'. मी लाओशींना विचारलं, ही कोणती जात? ते म्हणाले, "पाणी." साधं पाणी. जिउ शोधून काढण्याआधी माणसं पाणीच वाहत होती, ती आठवण राहावी म्हणून पाण्याचा घट मानाच्या बाजूला, पश्चिमेला, ठेवायचा. मी हसले आणि डोळ्यांत पाणीही आलं. इतकी वर्षं मी चहाचा पेला सवलत म्हणून उचलत होते, आणि इथे साध्या पाण्याला जिउच्या वरचं आसन होतं.

मान वयालाही होता. त्या सोहळ्यात साठीच्या पुढचे बसत, पन्नाशीचे उभे राहत. साठीला तीन ताटल्या, सत्तरीला चार, ऐंशीला पाच, नव्वदीला सहा. कन्फ्यूशियसबद्दल 'वचनां'त नोंद आहे की गावच्या पानसोहळ्यातून काठीवाले म्हातारे उठले की तोही लगेच उठे. जिउचं त्याने माप ठरवलेलं नव्हतं, पण तोल जाईपर्यंत तो कधी जात नसे. आणि थोरल्याने पेला रिता केल्याशिवाय धाकट्याने ओठाला लावू नये, हा 'लीजी'तला नियम. धाकटा नेहमी मागे राहायचा. आमच्या टेबलावर धाकटा सगळ्यांच्या पुढे होता, ढालीसारखा.

मग हे उलटलं कधी? एका दिवसात नाही, आणि कोणा एकाने केलं असंही नाही. पण लाओशींनी मला एक गोष्ट वाचायला दिली, ती वाचल्यापासून 'यी छा दाई जिउ' हे शब्द मी पहिल्यासारखे उच्चारू शकलेले नाही.

तिसऱ्या शतकात वू राज्याचा शेवटचा राजा सुन हाओ. त्याच्या मेजवान्या दिवसभर चालत आणि प्रत्येकाला सात शंग प्यावेच लागत, पिणारा असो वा नसो. तेव्हाचा एक शंग म्हणजे साधारण दोनशे मिलिलिटर, म्हणजे सात शंग जवळजवळ दीड लिटर. तोंडात गेलं नाही तर अंगावर ओतून घ्यायचं, पण माप संपवायचं. दरबारात वेई याओ नावाचा वयस्क इतिहासकार होता. त्याची मजल दोन शंगांपुढे जात नसे. सुरुवातीला राजाची मर्जी होती, तेव्हा त्याचं माप कमी केलं जाई, किंवा गुपचूप त्याच्या पेल्यात जिउऐवजी चहा दिला जाई. दारूच्या जागी चहाची ही फार जुनी, बहुधा सगळ्यात जुनी, नोंद.

पण वेई याओ इतिहासकार होता, आणि खरा इतिहासकार होता. राजा शुभशकुनांच्या बातम्या आणून विचारी, हे काय दर्शवतात? तो म्हणे, या तर लोकांच्या घरातल्या पेटाऱ्यांतल्या वस्तू. राजाचा बाप कधी गादीवर बसला नव्हता, त्याला इतिहासात सम्राटांच्या रांगेत बसवायला त्याने नकार दिला. मर्जी उतरली. मग चहा बंद झाला. त्याला जबरदस्तीने पाजायला लागले, आणि प्यायला नाही तर तो अपराध. २७३ साली त्याला ठार मारलं. मी इतकी वर्षं ज्याला सभ्यतेची पळवाट समजत होते तो चहा कोणाच्या तरी हातातला होता. देणाऱ्याने ठरवलं तोवर चहा.

मला वाटतं इथे गोम आहे. गावच्या सोहळ्यात पेला फिरतो: तू मला दिलास, मी तुला दिला, मग एक पेला आपण दोघांनी मिळून न पिता ठेवला. दरबारात पेला फक्त वरून खाली येतो. इसवी सनापूर्वी २०६मधली होंगमनची मेजवानी चीनमध्ये म्हणीसारखी वापरतात. तिथे सेनापती शियांग यूच्या छावणीत दीर्घायुष्य चिंतायचा पेला उचलल्यावर लगेच तलवारींचा नाच सुरू झाला, त्याचा प्रतिस्पर्धी लिउ बांग याला मारायला. तो निसटला, आणि मागे राहिलेल्या त्याच्या सल्लागाराने, झांग ल्यांगने, क्षमा मागितली ती अशी: आमच्या धन्याला जिउ सोसत नाही, म्हणून निरोप घेता आला नाही. नंतर हा लिउ बांग हान घराण्याचा संस्थापक झाला. जिउ सोसत नाही असं ज्याच्या वतीने सांगितलं गेलं तो सम्राट झाला, हे मी श्याओ लीला आवर्जून सांगितलं होतं.

दुसरं कारण निव्वळ पेल्यातल्या पदार्थाचं. हे सगळे विधी घडले तेव्हा जिउ आंबवलेलं होतं, आजच्या शाओशिंगच्या हुआंगजिउसारखं किंवा त्याहून सौम्य. ३५३ साली त्याच शाओशिंगजवळ वांग शीझी आणि त्याचे चाळीसएक स्नेही ओढ्याकाठी बसले, पाण्यावर पेले सोडले, पेला समोर थांबला की कविता करायची, नाही जमली तर दंड म्हणून प्यायचं. दिवसभर चाललं, आणि त्यातून चिनी अक्षरलेखनातला सर्वश्रेष्ठ मानला जाणारा कागद जन्माला आला. हे बाईजिउवर शक्य नव्हतं. गाळलेली दारू नंतरची. ली शीजेन सोळाव्या शतकात आपल्या औषधीग्रंथात तिला युआन काळापासूनची म्हणतो. पेय बदललं, हातवारे तेच राहिले. त्यात पूर्व आशियातल्या साधारण तिघांपैकी एकाच्या शरीरात अल्कोहोलचं पुढचं विष मोडणारं विकर नीट काम करत नाही, म्हणून तोंड लाल होतं. टेबलावर त्याला थट्टेने बघतात. ते शरीराचं 'नको' असतं.

आज यजमान म्हणतो, "शियान गान वेई जिंग", मी आधी रिता करतो, हा माझा आदर. ऐकताक्षणी छौ आठवावं: यजमानाने आधी प्यावं, मग पाहुण्याला द्यावं. पायरी तीच. पण पूर्वी तिच्यापुढे पेला डावीकडे ठेवायची वाट होती, ती बुजली, आणि आता यजमानाने आधी पिणं म्हणजे पाहुण्याला कोपऱ्यात गाठणं. छौ हा शब्दसुद्धा जिवंत आहे. धंद्यासाठी रात्र रात्र खाणंपिणं करावं लागतं त्याला यिंगछौ म्हणतात, आणि रात्री अकराला बायकोला फोन करून "आज यिंगछौ आहे" म्हणणाऱ्या माणसाचा आवाज मी इतक्यांदा ऐकला आहे की त्यातला थकवा मला पाठ आहे. २०१२च्या डिसेंबरात सरकारी मेजवान्यांवर बंधनं आली. खासगी टेबलं चालूच राहिली. मोठ्यांना मात्र सवलत नेहमीच मिळते: १९७२ साली निक्सन बीजिंगला गेले तेव्हा शुभेच्छांच्या वेळी पेल्यातली मौताई, म्हणजे बाईजिउच, प्रत्यक्षात पिऊ नये असा सल्ला त्यांच्याच माणसाने आधी तारेने पाठवला होता. श्याओ लीसाठी कोण तार करणार होतं?

मी त्याला सांगितलं. एका दुपारी फौंड्रीच्या अंगणात, नव्या कास्टिंगचे नंबर टिपून घेताना. म्हटलं, साहेब ते बोललेच नव्हते, ते यमक माझं होतं, चूक माझी होती. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "पण ज्ये, यमक छान बसलं होतं." त्याने हे माझं मन राखायला म्हटलं, आणि त्यामुळेच ते अजून बोचतं.

त्या वर्षी छिंगमिंगला, म्हणजे एप्रिलच्या सुरुवातीला पितरांच्या कबरी झाडायच्या दिवशी, लाओशी मला शहरातल्या हुतात्म्यांच्या स्मशानभूमीत घेऊन गेले. तिथे डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची कबर आहे. सोलापूरचा डॉक्टर, १९३८ साली वैद्यकीय पथकातून आलेला, युद्धातल्या जखमींची सेवा करत १९४२च्या डिसेंबरात बत्तिसाव्या वर्षी हेबेईतच गेला. हेबेईतल्या म्हाताऱ्यांना अजून 'के दीहुआ' हे त्यांचं चिनी नाव माहीत आहे. मी महाराष्ट्रातली म्हटल्यावर कितीतरी टेबलांवर अनोळखी माणसांनी उभं राहून त्यांच्या नावाने पेला उचललेला मी पाहिला आहे. तेवढ्या एका वेळी कोणी कोणाला संपव म्हणत नसे. कबरीपाशी फुलं होती. लाओशींनी खिशातून छोटी बाटली काढून दोन थेंब जमिनीवर सोडले. माझ्याकडे फक्त पाण्याची बाटली होती. मी त्यांच्याकडे पाहिलं. "श्वानजिउ," ते म्हणाले, "ते मानाच्या बाजूला." मी पश्चिम कुठे ते विचारलं आणि तिथे पाणी सोडलं.

२०१८ साली मी परत यायला निघाले. आदल्या रात्री लाओशींच्या घरी जेवण होतं. आयींनी सारण भरलेले ज्याओझी वळले होते, मी पोळ्या लाटल्या होत्या, आणि श्याओ ली हुआंगजिउची बाटली घेऊन आला होता. ती गरम पाण्यात ठेवून कोमट केली. जेवण झाल्यावर श्याओ ली उठला, माझा पेला उचलून स्वयंपाकघरात घेऊन गेला आणि नळाखाली धुवायला लागला. मीही उठले. तो म्हणाला, "तुम्ही कशाला, ज्ये?" मी म्हटलं, "माझ्यासाठी कष्ट नकोत." लाओशी खुर्चीतूनच बघत होते, काही बोलले नाहीत.

बाहेर येऊन त्याने आधी स्वतःचा पेला भरला आणि हळूहळू, तीनचार घोटांत प्यायला. मग थर्मासमधलं गरम पाणी माझ्या पेल्यात काठोकाठ ओतलं आणि दोन्ही हातांनी पुढे केला. मी दोन्ही हातांनी घेतला आणि डाव्या बाजूला ठेवला.

गप्पा बाराच्या पुढे गेल्या. आयींनी भांडी उचलली तेव्हा सगळं आवरलं, तो पेला तेवढा तिथेच राहू दिला. आम्ही दारात बूट घालत होतो तेव्हाही तो टेबलावर तसाच होता, काठोकाठ, पाणी निवलेलं.